पहिलं माहितीपर ई-पुस्तक: तीन विषयांतून कोणता घेऊ आणि सुरुवात कुठून करू?

सुईदोरा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मराठीत ई-पुस्तक लिहायचं ठरवलंय. कथा-कवितांचं नाही, माहितीचं. राहते सोलापुरात, काम शालेय गणवेशाच्या कारखान्यात: कटिंग, कापडाचा हिशोब आणि शाळांच्या ऑर्डरी सांभाळणं. तीन विषय समोर आहेत.

पहिला, सोलापूरच्या कापड गिरण्यांचा इतिहास. दुसरा, घरी दोन-चार मशीन टाकून गणवेश शिवण्याचा व्यवसाय. तिसरा, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची बाहेरगावच्या लोकांसाठी मार्गदर्शिका.

ओढ पहिल्याची जास्त आहे, माहिती दुसऱ्याची. रोज संध्याकाळी तास-दीड तास मिळतो. विषय कोणता घ्यावा, पुस्तक किती मोठं असावं, कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आहे त्यात टाइप केलं तर चालेल का, आणि विकायचं ॲमेझॉनच्या किंडलवर की सरळ पीडीएफ करून? आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि कॉपीराइटचंही कुणी नीट सांगावं. फोटो बरेच टाकायचे आहेत.

समासातला

ताई, दुसरा विषय घ्या.

माहितीचं पुस्तक माणूस विकत घेतो तेव्हा त्याचं काहीतरी अडलेलं असतं. मार्च महिन्यात शाळेने दर विचारला आहे आणि काय सांगावं ते कळत नाही, अशी बाई त्याच रात्री उत्तर शोधायला बसते. गिरण्यांच्या इतिहासाचा वाचक आहे, चांगला आहे, पण त्याला घाई नाही. तो कुणीतरी शिफारस केल्यावर घेतो, आणि पहिल्या पुस्तकाच्या लेखकाची शिफारस करणारं अजून कुणी नसतं.

इतिहासाच्या कामाचा आवाकाही बघा. १८७७ ची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे, त्या लढ्यातला गिरणी कामगारांचा भाग. १९४९ मध्ये मिल बंद पडली, म्हणून १९५० मध्ये केंद्र सरकारने खास तिच्यासाठी केलेला कायदा, आणि त्या कायद्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले खटले. यातल्या एकेका गोष्टीला स्वतंत्र कागदपत्रं लागतात. १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर वाचता येतं, पण त्यानंतरच्या काळासाठी निकालपत्रं, गिरण्यांचे अहवाल, जुनी वर्तमानपत्रं आणि हयात कामगारांच्या मुलाखती हव्यात. रोजच्या दीड तासात हे काही वर्षांचं काम आहे. नोंदींची वही आजच सुरू करा, हिराचंद नेमचंद वाचनालयात सवडीने बसा, आणि ते दुसरं पुस्तक होऊ द्या. ओढ आहे ती वाया जाणार नाही.

गड्डा यात्रेची अडचण वेगळी. संक्रांतीच्या आगेमागे पंधरा दिवस खप होईल आणि मग वर्षभर शांत. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे कोणते रस्ते बंद राहतील, गाडी कुठे लावायची, ही माहिती दर डिसेंबरला तपासून नव्याने लिहावी लागेल. वीस पानांची पुस्तिका म्हणून ठीक, पहिलं पुस्तक म्हणून नको.

आता दुसरा विषयही आहे तसा घेऊ नका. ‘गणवेश व्यवसाय’ फार पसरट आहे. वाचक कोण, ती आत्ता कुठे अडली आहे आणि पुस्तक संपल्यावर तिला काय जमेल, हे एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: ‘जिला ड्रेस-ब्लाउज शिवता येतात, घरी दोन ते पाच मशीन आहेत आणि शाळेची दोनशे जोडांची पहिली ऑर्डर घ्यायची आहे, ती हे वाचून दर काढेल, कापड मागवेल आणि शाळा उघडायच्या आत माल पोचवेल.’ या वाक्यात जे बसत नाही ते पुस्तकात नाही. शिवण शिकवणं नाही, मशीन दुरुस्ती नाही, कर्जाच्या योजना नाहीत. पसरट पुस्तकं अर्ध्यावर सुटतात त्याचं कारण लेखकाचा आळस क्वचितच असतो. काय गाळायचं ते ठरलेलं नसतं, म्हणून प्रत्येक प्रकरण वाढत जातं.

मग त्या बाईच्या तोंडचे तीस प्रश्न लिहा, तिच्याच भाषेत. ‘शाळेने पैसे दिवाळीला देतो म्हटलं तर?’ ‘मोठ्या साईझचं कापड कमी पडलं तर त्याच रंगाचं परत मिळेल का?’ असे. यातल्या किती प्रश्नांना तुम्ही कुठेही न शोधता, आकड्यासह उत्तर देऊ शकता ते मोजा. वीसच्या वर गेलात तर विषय तुमचा. प्रश्न सुचत नसतील तर शिवणकामाच्या व्हिडिओखालच्या कमेंट वाचा, तिथे लोक मोकळेपणाने विचारतात. बुकगंगा (मराठी पुस्तकांचं ऑनलाइन दुकान) आणि ॲमेझॉनवर या विषयाचं आधीचं काही आहे का तेही पाहा. असेल तर त्याचे दोन-तीन तारे दिलेले अभिप्राय वाचा. काय कमी पडलं ते तिथे लिहिलेलं असतं. अजिबात काही नसेल तर लगेच खूश होऊ नका. लोक हे विचारतात याचा पुरावा आधी हातात हवा.

शेवटची परीक्षा: सगळ्यात अवघड प्रकरण आधी लिहा. तुमच्या बाबतीत ते दर काढण्याचं असेल. दीड हजार शब्द, चार बैठका. नाही जमलं तर विषयाची हद्द बदलायला आत्ता काहीच खर्च नाही.

कच्चा खर्डा

समासातला यांच्याशी सहमत. पुढचं मी सांगतो.

आठ-नऊ प्रकरणं, प्रत्येकी दीड ते दोन हजार शब्द, एकूण पंधरा-सोळा हजार. एवढं पुरतं. तास-दीड तासात तीनशे-चारशे शब्द बरे होतात, म्हणजे आठवड्याला पाच दिवस धरले तर पहिला खर्डा आठ-दहा आठवड्यांत. दुरुस्तीला तेवढेच आठवडे बाजूला ठेवा.

तीस प्रश्न तीस चिठ्ठ्यांवर लिहा आणि काम ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने जमिनीवर मांडा. नमुना शिवणं, दर देणं, मापं, कापडाचा अंदाज, कटिंग, शिलाई, काज-बटण, इस्त्री-पॅकिंग, पोचवणं, मापात न बसलेले बदलून देणं, वसुली. महत्त्वाचं आधी असा क्रम लावू नका. वाचणारी बाई पुस्तक मोबाईलवर उघडून शेजारी ठेवणार आणि काम करणार आहे. ज्या दिवशी ती जे करते ते त्या जागी सापडलं पाहिजे.

प्रकरणाच्या आत हात आखडू नका. कापडाच्या अंदाजाचं प्रकरण घ्या. ‘धुतल्यावर कापड आटतं, त्याची काळजी घ्या’ एवढं लिहिलं तर त्याचा उपयोग शून्य. असं लिहा: ताग्यातून तुकडा कापून त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन धुऊन न जाणाऱ्या मार्करने आखा. तुकडा घरी धुतात तसा धुवा, वाळवा, इस्त्री करा, पुन्हा मोजा. ४९ भरला तर आटणं २ टक्के. ७५ सेंटिमीटरची पँट दीड सेंटिमीटरने आखूड होईल, मग कापतानाच लांबी तेवढी वाढवायची. लांबीला आणि पन्ह्याकडून, म्हणजे रुंदीला, आटणं सारखं नसतं, म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या. हे का करायचं तेही लिहा: पहिल्या धुण्यानंतर तक्रार आली तर एक जोड नाही, पूर्ण वर्गाचे जोड परत येतात.

प्रत्येक कामात काय बिघडतं, ते बिघडल्याची पहिली खूण काय आणि मग काय करायचं, हे तीन हवेतच. रंगाचं उदाहरण बघा. दोन वेगवेगळ्या लॉटच्या ताग्यांत एकाच निळ्याच्या दोन छटा असतात. दुकानात ट्यूबलाइटखाली त्या दिसत नाहीत. शर्टची पाठ एका ताग्याची आणि बाही दुसऱ्याची लागली की शाळेच्या मैदानावर उन्हात फरक उघडा पडतो. उपाय, एका कपड्याचे सगळे भाग एकाच ताग्यातून कापायचे, गठ्ठ्यावर तागा क्रमांकाची चिठ्ठी लावायची आणि कापड एकदम मागवायचं. अशी माहिती व्हिडिओत तुकड्या-तुकड्याने मिळते, एका जागी मांडलेली मिळत नाही. तुमच्या पुस्तकाची खरी किंमत यातच आहे.

दराच्या प्रकरणात आजचे भाव वाक्यात गुंफू नका. धागा, बकरम (कॉलरच्या आतलं ताठ कापड), बटणं, मजुरी, कापडाचा मीटरचा भाव, जीएसटी हे सगळं बदलतं. मुख्य मजकुरात पद्धत ठेवा: एका जोडाला लागणारं कापड गुणिले मीटरचा भाव, अधिक सामान, अधिक शिलाई-काज-इस्त्रीची मजुरी, अधिक वाया जाणाऱ्या मालाची तरतूद, अधिक वाहतूक, अधिक उधारीच्या काळाचं व्याज, आणि मग नफा. आकडे घालून केलेलं एक पूर्ण उदाहरण शेवटच्या परिशिष्टात द्या आणि त्यावर महिना-वर्ष छापा. पुढच्या वर्षी फक्त ती दोन पानं बदलावी लागतील.

बोलून टाइप करायचं असेल तर गुगल डॉक्समध्ये क्रोमवरून मराठी व्हॉइस टायपिंग चालतं. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, आणि पन्हा, बकरम, ओव्हरलॉक असे शब्द ते हमखास भलतेच ऐकतं. म्हणून बोललेलं त्याच दिवशी साफ करा, आठवड्याने आपण काय म्हणालो तेच लागत नाही. बोललेल्या मजकुरात पुनरुक्तीही जास्त असते, एक तृतीयांश कापायची तयारी ठेवा.

दुरुस्ती तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत फक्त क्रम आणि गाळलेलं. दुसऱ्या फेरीत फक्त आकडे, प्रत्येक गुणाकार कॅल्क्युलेटरवर पुन्हा. तिसऱ्या फेरीत भाषा. तिन्ही एकदम केल्या की आकड्यांच्या चुका सुटतात, कारण डोळा वाक्याकडे लागलेला असतो. भाषेसाठी एक पानभर नियम आधीच ठरवून ठेवा: ‘केलं’ की ‘केले’, ‘मशीन’ की ‘मशिन’, ‘मीटर’ की ‘मी.’. बोलीतला ‘केलं’ चालतो, पण मग शेवटपर्यंत तोच.

आणि छापण्याआधी अशी एक बाई शोधा जिने संस्थेची ऑर्डर कधी घेतलेली नाही. तिच्या हातात दराचं प्रकरण, कागद आणि पेन द्या, ४० जोडांचा दर काढायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. ती जिथे थांबेल तो परिच्छेद पुन्हा लिहायचा. समजावून सांगायचा मोह आवरा, वाचकाच्या घरी तुम्ही नसणार.

अक्षरजुळणी

श्रीलिपीबद्दल. जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख वगैरेंच्या जुन्या साच्यात टाइप केलेलं दुसऱ्याच्या मोबाईलवर निरर्थक अक्षरं होऊन दिसतं. ई-पुस्तकाला युनिकोडच हवं, म्हणजे कुठल्याही यंत्रावर तीच अक्षरं दिसतील अशी पद्धत. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांत युनिकोडची सोय आहे, पण कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर कोणती आहे ते बघून घ्या. घरी विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड फुकट चालू करता येतो, मोबाईलवर जीबोर्ड आहेच.

जुना मजकूर कन्व्हर्टरने बदललात तर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला र, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. तिथे घोटाळा होतो. नव्याने टाइप करतानाही एक छुपी अडचण येते. ‘दुसऱ्या’ मधलं ते अक्षर दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतं, दिसायला सारखंच, आतून वेगळं. ‘ॲ’ चंही तेच. मोबाईलवर एका पद्धतीने आणि कॉम्प्युटरवर दुसऱ्या पद्धतीने टाइप केलं तर पुस्तकात शोधताना अर्धे शब्द सापडतच नाहीत. शेवटी एकदा ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळं एकसारखं करा. ‘स्वतः’, ‘दुःख’ यांत विसर्गाच्या जागी कोलन पडलेला नाही ना तेही त्याच वेळी पाहा. कोलन असेल तर ओळ संपताना शब्द तुटू शकतो.

वर्डमध्ये प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’ आणि पोटमथळ्याला ‘हेडिंग २’ ही स्टाइल द्या. नुसतं ठळक आणि मोठं करू नका. अनुक्रमणिका याच स्टाइलवरून तयार होते. नवं प्रकरण नव्या पानावर न्यायला कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. वीस वेळा एंटर मारून खाली ढकललेलं प्रकरण मोबाईलवर रिकाम्या पडद्यानंतर दिसतं. टॅब आणि स्पेसबार मारून रांगेत आणलेले हिशोब फोनवर विस्कटतात, टेक्स्ट बॉक्समधला मजकूर गायब होऊ शकतो. हिशोब तक्त्यातच द्या, पण तीन रकान्यांच्या वर जाऊ नका. चौथा रकाना पडद्याबाहेर जातो. ‘पान ३२ वर पाहा’ असं लिहू नका, अक्षर लहान-मोठं केलं की पानं बदलतात. ‘प्रकरण ४ पाहा’ लिहा.

पूर्ण मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवा, हिंदी नको. काही फॉन्ट भाषा पाहून मराठी वळणाचे ल आणि श देतात. पीडीएफसाठी मुक्ता किंवा नोटो घ्या, त्यांचा परवाना खुला आहे. इंटरनेटवरून उतरवलेला कुठलाही फॉन्ट विकाऊ पुस्तकात वापरू नका.

फोटो थेट फोनमधून टाकू नका. एकेक तीन-चार एमबीचा असतो. रुंदी १,२०० ते १,६०० पिक्सेल करा, जेपीईजीमध्ये साठवा, दोनशे केबीच्या आसपास येतो. किंडलच्या साध्या यंत्रावर फोटो काळा-पांढरा दिसतो, म्हणून कापडाच्या छटांचा फरक फक्त फोटोने समजावू नका, शब्दांत लिहा. कटिंगच्या आखणीला फोटोपेक्षा रेघांचं चित्र बरं.

तयार फाइल किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये उघडून फोनच्या आकारात पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा. पीडीएफ चढवून त्याचं किंडल पुस्तक करायच्या नादाला लागू नका, वर्डची डॉक्स (.docx) फाइल किंवा ईपब (ई-पुस्तकाचा फाइल प्रकार) द्या. गुगल डॉक्समधून ईपब सरळ उतरवता येतं.

मुखपृष्ठ २,५६० पिक्सेल उंच, १,६०० रुंद. नाव पाच-सहा शब्दांत मावेल असं बघा आणि अंगठ्याच्या नखाएवढं करून वाचता येतं का ते तपासा. दुकानात ते तेवढंच दिसतं.

वही-खातं

विक्री आणि हक्कांचं मी सांगतो.

किंडलवर प्रकाशित करायला पैसे लागत नाहीत, मराठी भाषा निवडता येते, आयएसबीएनची सक्ती नाही. ॲमेझॉन स्वतःचा दहा अक्षरी क्रमांक देतं. मानधनाचे दोन दर आहेत, ३५ आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपीच्या, म्हणजे किंडलवर पुस्तक चढवायच्या ॲमेझॉनच्या सेवेच्या, ‘सिलेक्ट’ योजनेत नाव घालावं लागतं आणि किंमत त्यांनी ठरवलेल्या पट्ट्यात ठेवावी लागते. पट्टा किंमत भरायच्या पानावरच दिसतो. सिलेक्टची मुदत ९० दिवसांची असते आणि त्या काळात ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही देता येत नाही. बुकगंगावर नाही, स्वतःच्या व्हॉट्सॲपवरून पीडीएफ म्हणूनही नाही. छापील प्रत चालते. मुदत आपोआप वाढते, नको असेल तर आपोआप वाढवण्याच्या पर्यायावरची खूण आधीच काढा.

७० टक्क्यांच्या दरात फाइलच्या वजनाचे पैसेही कापले जातात, भारतात एमबीला ७ रुपये. हिशोब करा: कर वगळून किंमत १५० रुपये, फाइल ४ एमबी. २८ रुपये वजा, उरलेल्या १२२ चे ७० टक्के म्हणजे ८५ रुपये ४० पैसे. ३५ टक्क्यांत वजनाचा आकार नाही, ५२ रुपये ५० पैसे. फाइल १२ एमबीची झाली तर ७० टक्क्यांतही ४६ रुपये २० पैसेच उरतात. अक्षरजुळणी फोटो लहान करा म्हणतात त्याला हेही कारण आहे. पैसे महिना संपल्यापासून साधारण ६० दिवसांनी बँकेत येतात. खातं उघडताना कराची प्रश्नावली येते, तिथे पॅन क्रमांक चालतो. तो नीट भरला तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापतात.

पण ताई, तुमचा वाचक पाहिला तर माझं मत किंडलच्या बाजूने नाही. घरी शिवणारी बाई किंडल ॲप उतरवून, कार्ड जोडून पुस्तक घेईल याची शक्यता कमी. ती यूपीआयने पैसे देईल आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ घेईल. मग पीडीएफ ए-फोर नको, फोनच्या पडद्याएवढ्या उभ्या पानाची करा, म्हणजे बोटाने मोठं न करता वाचता येते. प्रत्येक पानाच्या तळाशी घेणारीचं नाव घाला. पासवर्डने काही थांबत नाही, तो फाइलबरोबरच पुढे जातो. नाव असलं की लोक थोडा विचार करतात. काही महिने अशी विक्री करा, आलेल्या प्रश्नांवरून दुरुस्त्या करा आणि दुसरी आवृत्ती किंडलवर न्या. तेव्हा सिलेक्ट घेणार असाल तर पीडीएफची विक्री आधी बंद करा.

आयएसबीएन भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, अर्ज ऑनलाइन, लेखक स्वतः करू शकतो. पैसे घेऊन ‘काढून देतो’ म्हणणाऱ्यांची गरज नाही. पीडीएफ आणि ईपब वेगवेगळे विकलेत तर दोघांना वेगळा क्रमांक.

कॉपीराइट १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणी तुमचा होतो आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी. उलट बाजूही सांभाळा. मशीन कंपनीच्या कॅटलॉगमधली चित्रं, दुसऱ्याच्या पुस्तकातले पॅटर्न, इंटरनेटवरचे फोटो घेऊ नका. मापांची पद्धत कुणाच्या मालकीची नसते, पण त्याने काढलेली आकृती आणि लिहिलेली वाक्यं असतात. स्वतः फोटो काढताना मुलांचे चेहरे आणि शाळेचं बोधचिन्ह टाळा. कारखान्यात काढायचे तर मालकाची आणि त्यात दिसणाऱ्या कामगारांची परवानगी लेखी घ्या. मालकाचे दर, गिऱ्हाइकांची नावं, कारखान्याचे पॅटर्न तर बिलकुल नको.

आणि मजकूर एआयकडून लिहून घेतलात तर केडीपीला तसं कळवावं लागतं. या विषयात तर ते टाळाच. मापं आणि कापडाचे मीटर ते ठामपणे चुकीचे सांगतं, आणि त्यावर विसंबून कुणी कापडाला कात्री लावली तर ते भरून येत नाही.

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरा विषय नक्की. तीस प्रश्न लिहिले, तेवीस उत्तरं येतात. अडलेली सात उधारी आणि वसुलीची आहेत, तो भाग आमच्याकडे मालकच बघतात. प्रकरणं अशी: मनोगत, गणवेशाचा इतिहास, सोलापूरच्या गारमेंट उद्योगाची ओळख, मशीन कोणती घ्यावी, मापं, कापड, कटिंग, शिलाई, दर, वसुली. नाव ‘गणवेश: एक यशस्वी उद्योग’. कसं वाटतं?

समासातला

पहिली चार प्रकरणं काढा. तुमच्या वाक्यातल्या बाईकडे मशीन आहेत आणि इतिहासाने तिचं काही अडत नाही. शिवाय किंडल पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण दहावा भाग नमुना म्हणून फुकट दाखवतं. सोळा हजार शब्दांत ते सोळाशे होतात. त्यात मनोगत आणि इतिहास गेला तर विकत घ्यावं की नाही हे ठरवायला वाचकाला तुमची खरी माहिती दिसणारच नाही. मनोगत शेवटी टाका, अर्धं पान. सोलापूरचा बाजार एका परिच्छेदात ‘कापड’ प्रकरणात येईल.

‘दर’ उचलून पहिलं करा. शाळा आधी दरच विचारते.

नावात ‘यशस्वी’ नको, त्यातून काहीच कळत नाही. ‘शाळेच्या गणवेशाची पहिली ऑर्डर’ एवढं ठेवा आणि खाली बारीक अक्षरात ‘दर, कापड, कटिंग ते वसुली: घरगुती शिलाई युनिटसाठी’.

वही-खातं

वसुलीचं अंदाजाने लिहू नका. ऑर्डर सांभाळणाऱ्या दोन-तीन युनिटवाल्यांना सातही प्रश्न लेखी द्या आणि नाव न छापता त्यांची उत्तरं घ्या. आगाऊ रक्कम किती टक्के, बाकी किती हप्त्यांत, बदलून द्यायच्या मालाची मुदत किती दिवस, आणि हे ऑर्डरच्या कागदावर कुठल्या शब्दांत लिहितात. त्या कागदाचा कोरा नमुना परिशिष्टात द्या. बऱ्याच जणी पुस्तक त्या एका पानासाठी घेतील.

किंडलवर जाल तेव्हा शोधशब्दांचे सात रकाने मिळतात. त्यांतले तीन-चार रोमन लिपीत भरा, मराठी वाचणारे बरेच जण शोधताना रोमनमध्येच टाइप करतात.

कच्चा खर्डा

शिलाईचं प्रकरण लहान ठेवा, पाच-सातशे शब्द. शिवता येणाऱ्या बाईला शिवणं शिकवू नका. एकच गोष्ट सांगा: एक शर्ट पूर्ण करून दुसरा घेण्यापेक्षा चाळीस कॉलर, मग चाळीस बाह्या, असं कसं चालतं आणि गठ्ठे मिसळू नयेत म्हणून साईझची चिठ्ठी कुठे टाचायची. उरलेले शब्द मापांना द्या. शाळा मार्चमध्ये माप देते आणि मूल जूनमध्ये घालतं, तोवर ते वाढलेलं असतं. माया (शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड) किती सोडायची, पँटची दुमड किती ठेवायची, हे वयाप्रमाणे तक्त्यात. साईझ, माया, दुमड. तीन रकाने बरोबर होतात.